पिलांवरचा पहारा : नगर जिल्ह्यातले राखणदार मासे

पाऊस लागून पाझर तलावात नवं पाणी आलं की काही आठवड्यांत काठच्या पाणकणसाजवळ एक केशरी-लाल चट्टा सरकताना दिसतो. ती मरळाची पिलं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीची, शेकड्यांनी, एकमेकांना बिलगून पोहणारी. थोड्याथोड्या वेळानं ती हवेचा घोट घ्यायला एकदम वर येतात आणि तेवढ्याच जागेवरचं पाणी खदखदल्यासारखं दिसतं. ज्याला हे ठाऊक असतं तो त्या चट्ट्याच्या मधोमध बेडूक लावलेला गळ सोडतो. खालून मरळ उसळतो आणि गळ तोंडात घेतो. त्याला भूक लागलेली नसते. पिलांवर चालून आलेल्या शत्रूला हाणायला तो आलेला असतो.

मासे आपली पिलं राखतात का, कशी राखतात आणि त्या राखणीचं आज काय होतंय, हे सगळे प्रश्न या एका गळाशी येऊन मिळतात. बगळा, दिवड, शिवडा यांच्यापुढे लाखो वर्षं टिकलेली युक्ती माणसाच्या गळापुढे उलटते. तरीही आपल्या मत्स्यव्यवसायाच्या हिशेबात या युक्तीला आजवर जागा मिळालेली नाही. तो हिशेब पिलं किती सोडली आणि मासळी किती निघाली एवढाच असतो. पिलांची राखण कोण करतं, हा रकाना त्यात नाही.

त्याचं कारण समजण्यासारखं आहे. आपण धरणांत आणि तळ्यांत जे मासे सोडतो ते रोहू, कटला, मृगल. हे मासे राखणीच्या वाटेला जातच नाहीत. पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी सोडायची आणि निघून जायचं, ही त्यांची रीत. रोहूची मादी शरीराच्या दर किलोमागे दोन लाखांच्या वर अंडी देते. एवढ्या अंड्यांतून दोन-चार मासे मोठे झाले तरी वंश चालतो. साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि चित्र पालटलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, मत्स्यबोटुकली हे शब्द त्यानंतर गावोगावच्या सोसायट्यांत रुळले. त्या शोधानं देशाला स्वस्त मासळी मिळाली, हे मोठंच काम झालं. पण आईबापांशिवाय वाढणारा मासा हाच मासा, असा आपला समजही त्यातूनच पक्का झाला.

जगभरच्या हाडांच्या माशांत चार-पाच कुळांमागे एखाद्याच कुळात पालक पिलांची वा अंड्यांची काळजी घेतात. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हे प्रमाण जास्त आहे. समुद्रात अंडी प्रवाहाबरोबर दूर पसरतात आणि शत्रूच्या टापूतून बाहेर जाऊ शकतात. तळ्यात, ओढ्यात, डोहात पाणीच थोडं. अंडी जिथे पडतील तिथेच खाणारे टपलेले असतात. अशा बंदिस्त पाण्यात संख्येपेक्षा पहारा परवडतो.

नगर जिल्हा अशाच पाण्यांचा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे ओढे आणि प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा. मध्यावर राहुरीजवळ मुळा धरण. पूर्वेला शेवगाव-नेवाशापर्यंत पोचलेला जायकवाडीचा फुगवटा, दक्षिणेला कर्जत तालुक्यात सिद्धटेककडे आलेलं उजनीचं पाणी. आणि या सगळ्यांच्या मधल्या अवर्षणी पट्ट्यात पाझर तलाव, गावतळी, बंधारे, विहिरी, अलीकडची शेततळी. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर असे कितीतरी तलाव बांधले गेले. दिवाळीनंतर आटायला लागणारं, उन्हाळ्यात गढूळ आणि कोमट होणारं, प्राणवायू कमी असलेलं हे पाणी रोहूला मानवत नाही. मरळ आणि त्याचा धाकटा भाऊबंद ढोक मात्र थेट हवेतून श्वास घेतात, ओलसर चिखलात दिवस काढतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा हजर होतात. या जिल्ह्याचा खरा मासा कोणता, असं कुणी विचारलं तर मी मरळाचं नाव घेईन.

मरळाची राखण अंडी घालण्याआधीच सुरू होते. नर-मादी मिळून काठच्या उथळ पाण्यात वनस्पती बाजूला सारून एक गोल मोकळी जागा करतात. अंड्यांत तेलाचा थेंब असतो, त्यामुळे ती पिवळसर मण्यांसारखी पाण्यावर तरंगतात. एक-दोन दिवसांत पिलं बाहेर पडतात. फ्रान्सिस डे यानं १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय माशांवरच्या मोठ्या ग्रंथापासून या माशाच्या घरट्याची आणि पहाऱ्याची नोंद आहे. नर पहारा देतो आणि तो मारला वा पकडला गेला तर जोडीदार त्याची जागा घेते, असं त्या काळच्या निरीक्षकांनी लिहून ठेवलं. गळवाल्यांनाही हे माहीत असतं, म्हणून एक मरळ निघाला की तिथेच दुसऱ्याची वाट पाहिली जाते.

पिलं पोहू लागली की राखणीचं रूप बदलतं. घरटं सुटतं आणि थवा फिरायला लागतो. आईबाप थव्याच्या खाली, अंधाऱ्या पाण्यात राहतात. पिलांना श्वासासाठी वर यावंच लागतं आणि नेमकं वर येणंच धोक्याचं. वरून खंड्या आणि बगळा, खालून दुसरे मासे. सगळ्यांनी एकदम वर यायचं आणि एकदम खाली जायचं, यात त्या धोक्याची वाटणी होते. शत्रूच्या चोचीत एखादं पिलू जातं, बाकीची सुटतात. साधारण महिनाभर, पिलं बोटभर होऊन त्यांचा लाल रंग जाऊन मातकट-हिरवा येईपर्यंत हे चालतं. मग थवा फुटतो. फूलमरळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिलांना शेपटीच्या बुडाशी एक ठळक डोळ्यासारखा ठिपका असतो. शत्रूनं डोकं समजून शेपटीवर झडप घालावी, असा त्याचा उपयोग असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

पिलं खाणाऱ्यांची यादी मोठी आहे. पाणकावळे, वंचक, दिवड, कासवं, शिवड्यासारखे शिकारी मासे हे डोळ्यांना दिसणारे. त्याहून जास्त नाश लहान शत्रू करतात, म्हणजे चतुरांच्या अळ्या, पाणढेकूण आणि पाण्यातले भुंगे. अंगठ्याच्या नखाएवढा पाणढेकूण सोंड खुपसून पिलाला शोषून घेतो. या पाणढेकणांच्या एका गटात मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पिलं निघेपर्यंत बाप ती वागवत फिरतो. एकाच गावतळ्यात एक बाप दुसऱ्या बापाची पिलं खात असतो आणि दोघेही आपापल्या जागी काटेकोर राखणदार असतात. तळ्याच्या काठावर बसून पाहिलं तर याहून विलक्षण गोष्ट सापडणं कठीण.

ढोकाची तऱ्हा निराळी. हा वीतभर मासा अकोल्याच्या डोंगरी ओढ्यांत, भातखाचरांच्या कडेला, दगडांच्या कपारीत राहतो. ओढ्याला कधी लोंढा येईल आणि घरटं वाहून जाईल याचा नेम नाही. त्यामुळे ढोकाचा नर अंडी तोंडातच घेतो. पिलं निघून स्वतंत्र होईपर्यंत ती त्याच्या जबड्यात, गळ्याखाली फुगलेल्या पिशवीत वाढतात आणि तेवढे दिवस तो जवळजवळ उपाशी असतो. याच गटातल्या काही लहान जातींत मादी नंतर न फळलेली अंडी सोडते आणि पिलं ती खातात, हे मत्स्यालयात माशांची पैदास करणाऱ्यांनी वारंवार पाहिलं आहे. पहिल्या पावसाला ओढ्यातून चढणीचे मासे धरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गाबोळीनं भरलेल्या मळव्या-चाल्यांबरोबर त्यात ढोकही येतो. गाबोळीचा मासा गेला तर अंडी गेली, हे सगळ्यांना कळतं. फुगलेल्या गळ्याचा ढोक गेला तर पिलांचा अख्खा वेत गेला, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

घरटं एका जागी करून त्यावर पहारा द्यायचा की पिलं बरोबर घेऊन फिरायचं, हा फरक मला या सगळ्या विषयात कळीचा वाटतो. नगरच्या धरणांत आज चिलापी एवढी का माजली, याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आली. पुढे नाईल तिलापियाही आली. उजनीच्या काठच्या बाजारांत आज चिलापीचेच ढीग दिसतात. नर उथळ तळाशी खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. नराचं काम तिथे संपतं. मादी दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, पिलांना तोंडात सांभाळते. पिलं बाहेर सोडल्यावरही ती जवळच राहते. शत्रू दिसला की ती अंग तिरपं करून हळूहळू मागे सरकते. हा तिचा इशारा. पिलं झुंडीनं तिच्या डोक्याकडे धावतात आणि तोंडात शिरतात. अंडी काही शेकड्यांतच असतात, पण त्यांतली पुष्कळ जगतात आणि चार-सहा आठवड्यांनी मादी पुन्हा तयार होते.

आता धरणाचं पाणी आठवा. शेतीला आवर्तन सुटलं की पाणी काठापासून मागे सरकतं. काठच्या गवतात घरटं केलेल्या माशाची अंडी उघड्या चिखलावर राहतात. चिलापीची अंडी आईच्या तोंडात असतात. पाणी उतरलं तर ती पाण्याबरोबर सरकते. पुण्याच्या सांडपाण्यानं दूषित झालेलं भीमेचं पाणीही ती सोसते. माणसानं वर-खाली होणारं पाणी तयार केलं आणि त्या पाण्याला नेमकी साजेशी राखण असलेला परका मासा तिथे आणून सोडला. स्थानिक राखणदार मागे पडले त्याला चिलापीचा हावरटपणा जेवढा कारण आहे, तेवढंच हे पाणीही कारण आहे, असं माझं मत आहे. चिलापीनं गोरगरिबांच्या ताटात स्वस्त मासा आणला, हेही खरं. तिला दोष देऊन भागणार नाही.

बाकीच्या राखणदारांकडे थोडक्यात पाहू. भीमा-गोदावरीच्या पाण्यातला चपटा, पात्यासारखा चालट अंडी लाकडावर वा दगडावर चिकटवतो, नर त्यांच्यावर पहारा देतो आणि शेपटीनं वारा घालून ताजं पाणी खेळवतो. तळाला चिकटून राहणारा खरपा हीच रीत पाळतो. गावठी मांगूर काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालतो आणि नर ती राखतो. चोरून पाळला जाणारा आफ्रिकी मांगूर, ज्याला आपल्याकडे थाई मांगूर म्हणतात आणि ज्याच्यावर केंद्रानं २००० सालीच बंदी घातली, तो अंडी टाकून निघून जातो आणि दुसऱ्यांची पिलं गिळतो. एकाच नावाचे दोन मासे, पण राखणीच्या बाबतीत दोन टोकांचे.

शिंगाळ्यावर मात्र जरा थांबायला हवं. कर्नल विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचा पहिला शास्त्रीय आढावा घेतला आणि १८३९ साली त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. शिंगाळा त्यानं मराठी नावासकट शास्त्रात नेला. त्याला तो पुण्याच्या मुळा-मुठेत मिळाला होता. नगरची मुळा वेगळी, पण मासा तोच. या मिशाळ माशाचा नर नदीच्या तळात खड्ड्याचं घरटं करतो आणि पिलं राखतो. त्याला तळ हवा, वाळू-मातीचा, न हललेला. प्रवरा, मुळा, सीना, गोदावरी या नद्यांच्या पात्रांतून वर्षानुवर्षं वाळू उपसली जाते. तिच्यावर महसूल, गुन्हेगारी, भूजल या अंगांनी पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. पात्राचा तळ उचलून नेला की शिंगाळ्याला पिलं राखायला जागाच उरत नाही, ही बाजूही त्या चर्चेत यायला हवी.

यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ढोक, चालट, खरपा, मांगूर, शिंगाळा या सगळ्यांत राखतो तो बाप. सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत एकटा बाप क्वचितच राखतो, माशांत मात्र तेच जास्त. रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७२ साली पालकांच्या गुंतवणुकीचा विचार मांडला, तेव्हापासून यावर वाद चालू आहे. एक पटणारं उत्तर असं : माशांत फलन शरीराबाहेर, नराच्या ताब्यातल्या जागेत होतं. नराला जागा राखायचीच असते, तिच्याबरोबर अंडी राखली जातात आणि एकाच पहाऱ्यात अनेक माद्यांची अंडी सामावतात. मादी मात्र मोकळी राहिली तर खाऊन वाढते, आणि मोठ्या मादीला पुढच्या वेळी जास्त अंडी होतात.

हा पहारा आंधळा नसतो. अंडी जितकी जुनी आणि जितकी जास्त, तितका बाप अधिक जिवावर उदार होतो, हे अनेक जातींत मोजून दाखवलं गेलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या ब्लूगिल सनफिश या माशांत काही नर चोरून दुसऱ्याच्या घरट्यात फलन करून जातात. ब्रायन नेफ यांनी २००३ साली दाखवलं, की आसपास असे चोर दिसले की बाप अंड्यांच्या राखणीत हात आखडता घेतो, आणि पिलं बाहेर आल्यावर ती आपलीच आहेत असं वासावरून जाणवलं की पुन्हा जोर धरतो. वेळ कठीण आली तर काही बाप स्वतःची थोडी अंडी खाऊन तग धरतात आणि उरलेली राखतात. आपल्याला ते क्रूर वाटतं, पण उपासानं खंगलेला राखणदार पळून गेला तर सगळीच अंडी जातात.

राखणीतून शिकवणही होते. युरोपातल्या तीन काट्यांच्या स्टिकलबॅक माशाचा नर घरटं विणतो, वारा घालतो आणि भरकटलेलं पिलू तोंडात धरून परत घरट्यात आणून सोडतो. निको टिनबर्गन यांनी या माशाचा केलेला अभ्यास जगप्रसिद्ध झाला आणि त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. पुढे असं आढळलं, की बापानं पाठलाग करून परत आणलेली पिलं मोठेपणी शत्रूपासून अधिक चपळाईनं निसटतात. बापाची धरपकड ही त्यांची तालीमच.

आपल्या किनाऱ्याजवळही एक थोर उदाहरण आहे. गोव्यात कालुंदर म्हणतात तो मासा आणि त्याचा केरळातला नारिंगी भाऊबंद, या दोन्हींत आईबाप दोघेही अंडी आणि पिलं राखतात. नारिंगी जातीची पिलं पालकांच्या अंगावर चोच मारल्यासारखं करत त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खातात. कालुंदर केरळचा राज्यमासा आहे आणि मरळ तेलंगणचा. दोन राज्यांनी पिलं राखणारे मासे आपली ओळख म्हणून निवडले. महाराष्ट्राचा राज्यमासा २०२३ साली ठरला, तो समुद्रातला पापलेट.

राखणीचा गैरफायदा फक्त माणूस घेतो असं नाही. टांगानिका सरोवरातला एक मिशाळ मासा पिलं तोंडात सांभाळणाऱ्या माशांच्या अंड्यांत आपली अंडी मिसळतो. त्याची पिलं आधी फुटतात आणि यजमान आईच्या तोंडातच तिची पिलं खातात. १९८६ साली जपानी संशोधकानं हे उजेडात आणलं. पण अशा चोराला एका वेतावर भागवावं लागतं. गळ मात्र पालकालाच उचलतो.

पालक उचलला की काय होतं, हे कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये नीट तपासलं गेलं आहे. तिथला स्मॉलमाउथ बास हा हौशी गळवाल्यांचा आवडता मासा आणि त्याचा नरही घरट्यावर पहारा देतो. त्याला गळानं धरून थोड्या वेळानं परत सोडलं तरी तेवढ्या मिनिटांत आजूबाजूचे छोटे मासे घरट्यात घुसून अंडी फस्त करतात. दमलेला बाप कधी परत येतो, कधी रिकामं घरटं सोडून देतो. तिथे बऱ्याच भागांत वसंत ऋतूत या माशाची मासेमारी बंद असते आणि जूनच्या उत्तरार्धात सुरू होते. त्या नियमाचा पाया ही राखण आहे.

आपल्याकडे १८९७च्या कायद्यानं पाण्यात विष कालवणं आणि सुरुंग लावणं गुन्हा ठरवलं. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि तिच्यावर बातम्या, आंदोलनं, चर्चा होतात. गोड्या पाण्यात वाद चालतो तो बारीक आसाच्या जाळ्यांवर. तोही हवाच, कारण वडाप जाळ्यानं बोटुकल्या ओढल्या तर उद्याची मासळी आजच जाते. पण मोठ्या आसाचं जाळंही जुलैत नेमका मोठा मरळच धरतं आणि मागे उरलेला लाल चट्टा एक-दोन दिवसांत बगळे आणि पाणढेकूण संपवतात. आसाचा नियम पिलांना वाचवतो, राखणदाराला नाही. त्यासाठी वेळेचा आणि जागेचा नियम लागतो.

तो अवघड नाही. पाझर तलाव आणि गावतळी ग्रामपंचायतींच्या किंवा छोट्या सोसायट्यांच्या हातात असतात. पाऊस सुरू झाल्यापासून श्रावण संपेपर्यंत काठापासून काही हात पाण्यात गळ आणि जाळं टाकायचं नाही, एवढं ठरवता येतं. काठचं पाणकणीस आणि गवत त्या काळात कापायचं नाही. तलाव साफ करताना सगळा काठ एकसारखा खरवडायचा नाही, एक बाजू तरी गवताळ ठेवायची. भोई आणि भिल्ल कुटुंबांतले जुने मासेमार लाल चट्टा लांबूनच ओळखतात. तो दिसलेली जागा महिनाभर राखीव धरायचं काम त्यांच्यावर सोपवता येईल. सोसायटीचा यात तोटा नाही. बाजारात मरळ जिवंत विकला जातो आणि त्याला रोहूपेक्षा चांगला भाव येतो. त्याचं बीज बाहेरून आणायचं तर महाग पडतं, आणि टाकीत वाढवलेली मरळाची पिलं एकमेकांना खातात, म्हणून त्यांना आकारानुसार सतत निवडून वेगळं करावं लागतं. तलावात मात्र आईबाप हयात असले तर पिलांचा पहिला महिना सोसायटीला फुकटात राखून मिळतो.